इनपुटमध्ये टाकलेला नियम आतल्या पीसींना का लागत नाही?

प्रश्न मोठा होता, म्हणून मला तो कसा समजला ते आधी लिहितो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. जुन्या पीसीवर डेबियन लिनक्स टाकून त्याचाच गेटवे, म्हणजे आतलं नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यातलं दार, केलाय. त्यात तीन कार्डं: एक आतल्या नेटवर्कचं, दुसऱ्यावर स्टॅटिक आयपीवाली जुनी लाईन, तिसऱ्यावर नुकतीच घेतलेली वेगवान फायबर. तक्रारी तीन. यूट्यूब बंद करायला आयपीटेबल्सच्या, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉल कमांडच्या, इनपुट चेनमध्ये (नियमांच्या यादीत) नियम टाकले, तरी बिलिंगच्या पीसीवर व्हिडिओ चालूच आहेत. नवी लाईन डिफॉल्ट केल्यापासून मालकांना घरून डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र) दिसत नाही. आणि नव्या लाईनवर बँकेची साइट अर्धवट उघडून अडकते. शेवटी तुम्ही विचारलंय, "आधी राउटिंग होतं की आधी फायरवॉल?"

या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या तिन्हींची उत्तरं त्यातच आहेत. पुढे कार्डांना मी ‘लॅन’, ‘जुनी’ आणि ‘नवी’ म्हणेन. आतलं नेटवर्क १९२.१६८.१०.०/२४, बिलिंगचा पीसी १९२.१६८.१०.२५ आणि डीव्हीआर १९२.१६८.१०.५० धरू (पुढे थोडक्यात १०.२५ आणि १०.५०). जुन्या लाईनचा पब्लिक पत्ता उदाहरणापुरता २०३.०.११३.५. कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना अर्थात इंग्रजीत.

आधी राउटिंग की आधी फायरवॉल, असं एका शब्दात सांगता येत नाही. फायरवॉल एका जागी बसलेली नाही. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, पॅकेटच्या वाटेवर नेटफिल्टर या फायरवॉल यंत्रणेचे पाच थांबे आहेत: प्रीराउटिंग, इनपुट, फॉरवर्ड, आउटपुट, पोस्टराउटिंग. राउटिंगचा निर्णय होतो तो या थांब्यांच्या अधेमधे. पॅकेट कार्डातून आत आलं की पहिल्यांदा प्रीराउटिंग. त्यानंतर कर्नल राउटिंग टेबल बघतो आणि ठरवतो की हे पॅकेट याच मशीनसाठी आहे की पुढे कुणाकडे जायचंय. मशीनसाठी असेल तर इनपुट, आणि तिथून एसएसएच (दुरून लॉगिन) किंवा डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं) यांसारखा जो प्रोग्राम वाट बघत असेल त्याच्याकडे. पुढे जायचं असेल तर फॉरवर्ड, मग पोस्टराउटिंग, मग दुसऱ्या कार्डातून बाहेर. मशीनने स्वतः पाठवलेलं पॅकेट असेल तर आधी राउट ठरतो, मग आउटपुट, मग पोस्टराउटिंग.

आता बिलिंगच्या पीसीचं पॅकेट घ्या. ते यूट्यूबच्या सर्व्हरकडे निघालंय, तुमच्या डेबियनशी त्याला काही बोलायचं नाही. राउटिंगच्या निर्णयानंतर ते सरळ फॉरवर्डला वळतं. इनपुट चेन त्याला दिसतच नाही. नियम व्याकरणाने अचूक आहे, पण पॅकेट त्या वाटेने जातच नाही.

या गोंधळाला थोडा इतिहासही कारणीभूत आहे. लिनक्स २.२ मध्ये आयपीचेन्स होतं. त्यात पुढे जाणारं पॅकेट इनपुट, फॉरवर्ड आणि आउटपुट अशा तिन्ही चेनमधून जायचं. २००१ साली लिनक्स २.४ आलं, रस्टी रसेल यांनी सुरू केलेलं नेटफिल्टर आणि आयपीटेबल्स त्यात आलं, आणि तिन्ही वाटा वेगळ्या झाल्या. पण जुन्या काळचे लेख आणि त्यांच्या नकलांच्या नकला अजून फिरतायत. कुणाचा नियम उचलताना तो कुठल्या चेनसाठी लिहिलाय, हे आधी बघा.

तपासायला एकच कमांड पुरते: ‘आयपीटेबल्स -एनव्हीएल’. प्रत्येक नियमासमोर किती पॅकेट लागली याचा आकडा येतो. बिलिंगच्या पीसीवर व्हिडिओ लावा, दहा सेकंदांनी आकडे परत बघा. तुमच्या इनपुटच्या नियमासमोर शून्य असेल. शून्य म्हणजे नियम बाद आहे असं नाही, त्याच्यापर्यंत काही पोचलं नाही एवढंच. फायरवॉलच्या कामात माझा निम्मा वेळ हे आकडे बघण्यातच जातो. नवीन पोरं नियम परतपरत लिहीत बसतात, आकडे बघत नाहीत.

मग तोच नियम फॉरवर्डमध्ये टाकला की झालं का? बहुतेक नाही, कारण पुढचे अडथळे वेगळे आहेत. तुम्ही नियमात यूट्यूबचं नाव लिहिलंय. आयपीटेबल्स ते नाव नियम टाकतानाच एकदा शोधतं, तेव्हा जे पत्ते मिळाले ते कायमचे लिहून टाकतं. तासाभराने पीसीला त्याच नावाचा दुसरा पत्ता मिळाला तर नियमाला त्याचा पत्ता नाही. दुसरं, तुम्ही फक्त टीसीपी ४४३ अडवलंय. क्रोम यूट्यूबशी क्विक नावाच्या प्रोटोकॉलने बोलतो, आणि क्विक यूडीपी ४४३ वर चालतं. तिसरं म्हणजे नियम शेवटी जोडलाय. चेनमध्ये वरून खाली पहिला लागू होणारा नियम निकाल देतो. वर कुठे ‘लॅनमधून येणारं सगळं सोडा’ असं लिहिलं असेल तर खालचं कुणी वाचत नाही.

पॅकेट फिल्टरला पत्ता, पोर्ट, प्रोटोकॉल आणि कार्ड एवढंच कळतं. यूट्यूब नावाची गोष्ट त्याच्या गावीही नाही. पत्त्यांवरून गूगलचं एक काही बंद करायला गेलात तर मेल आणि ड्राइव्हही अडखळतील. म्हणून कारखान्यासाठी मी उलटं करतो. बिलिंगच्या पीसींना मोजक्या गोष्टी उघड्या ठेवायच्या आणि बाकी सगळं बंद. नावांवरून गाळायचं असेल तर ते काम डीएनएसवर सोपवा. डीएनएसमास्क हा छोटा डीएनएस सर्व्हर त्याच मशीनवर चालवा, आतल्या पीसींना बाहेरच्या डीएनएसकडे जाऊ देऊ नका, म्हणजे फॉरवर्डमध्ये पोर्ट ५३ आणि ८५३ बंद. डीएनएसमास्कला एखाद्या नावाचे मिळालेले पत्ते आपोआप आयपीसेटमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या यादीत, भरता येतात, आणि नियम त्या सेटवर लावता येतो. पत्ते बदलले तरी सेट ताजा राहतो. ब्राउझरमधलं एचटीटीपीएसवरचं डीएनएस मात्र पीसीच्या सेटिंगमधूनच बंद करावं लागेल, कारण ते साध्या वेब ट्रॅफिकसारखंच ४४३ वरून जातं.

नियम टाकूनही चालू असलेला व्हिडिओ थांबला नाही तर घाबरू नका. त्यामागे कॉनट्रॅक, म्हणजे कर्नलची जोडण्यांची वही, आहे. आपल्याकडे सूत डाईंगला जातं तेव्हा चलन फाडतात, आणि माल परत येताना वॉचमन फक्त चलन जुळवतो, पुन्हा सगळी चौकशी करत नाही. कॉनट्रॅक तेच करतं. जोडणीचं पहिलं पॅकेट ‘न्यू’, उत्तर आलं की ती ‘एस्टॅब्लिश्ड’, तिच्याशी नातं असलेली दुसरी जोडणी किंवा आयसीएमपीची चूक-सूचना ‘रिलेटेड’, आणि ज्याचं काहीच जुळत नाही ते ‘इनव्हॅलिड’. फॉरवर्डच्या वरच्याच ओळीत एस्टॅब्लिश्ड आणि रिलेटेडला परवानगी असते, असायलाच हवी. त्यामुळे आधी जुळलेली जोडणी तुमच्या नव्या नियमापर्यंत उतरतच नाही. ‘कॉनट्रॅक -डी’ला त्या पीसीचा पत्ता देऊन त्याच्या नोंदी पुसा, मग नियम लागेल. टीसीपीची जुळलेली नोंद काही हालचाल नसली तरी डिफॉल्टने ४,३२,००० सेकंद, म्हणजे पाच दिवस, टिकते. आपोआप जाईल म्हणून वाट बघू नका.

नॅट, म्हणजे पॅकेटवरचे पत्ते बदलणं, तेही याच वहीवर चालतं. नॅट टेबल फक्त जोडणीच्या पहिल्या पॅकेटला विचारलं जातं, पुढची सगळी पॅकेट वहीतल्या नोंदीप्रमाणे बदलतात. म्हणून नॅटच्या नियमासमोरचे आकडे लहान दिसतात. त्यात बिघाड नाही.

आता डीव्हीआर. खरा गुंता इथे आहे, आणि राउटिंग आणि फिल्टर वेगळे का समजून घ्यायचे तेही इथेच कळतं.

मालकांचा मोबाइल जुन्या लाईनच्या पत्त्यावर, २०३.०.११३.५ वर, पॅकेट पाठवतो. ते ‘जुनी’ कार्डातून आत येतं. प्रीराउटिंगमध्ये डीएनएटी, म्हणजे जायच्या पत्त्याचं नॅट, होतं, पत्ता बदलून १९२.१६८.१०.५० होतो. त्यानंतर राउटिंग. म्हणजे राउटिंगला आणि पुढे फॉरवर्डला नवा, आतला पत्ता दिसतो. फॉरवर्डमधल्या परवानगीच्या नियमात पब्लिक पत्ता लिहिला असेल तर तो कधीच लागणार नाही, तिथे १०.५० आणि डीव्हीआरचं आतलं पोर्टच हवं. डीव्हीआर उत्तर देतो. उत्तराच्या पॅकेटवर पाठवणारा १०.५० आहे आणि जायचंय मोबाइलकडे. कर्नल मुख्य टेबल बघतो, डिफॉल्ट राउट ‘नवी’कडे आहे, म्हणून पॅकेट तिकडे वळतं. पोस्टराउटिंगला कॉनट्रॅक पाठवणाऱ्याचा पत्ता परत २०३.०.११३.५ करतं, आणि जुन्या लाईनचा पत्ता लावलेलं पॅकेट नव्या लाईनने बाहेर पडतं. नवा सेवादाता बघतो की हा पत्ता माझा नाही, आणि टाकून देतो. मोबाइलवर नुसतं गोल फिरत राहतं.

यात फायरवॉलने काहीच अडवलेलं नाही. कितीही ‘ॲक्सेप्ट’ लिहिलं तरी फरक पडणार नाही. ॲक्सेप्ट म्हणजे जाऊ द्या, कुठून जायचं ते नाही.

बरेच जण इथे ‘आयपी रूल ॲड फ्रॉम २०३.०.११३.५’ असा नियम टाकून जुन्या लाईनसाठी वेगळं टेबल जोडतात. त्याने बाहेरून मशीनवर केलेलं एसएसएच सुरू होतं, डीव्हीआर तसाच बंद राहतो, आणि लोक चक्रावतात. कारण सोपं आहे. एसएसएचचं उत्तर मशीन स्वतः देतं, तेव्हा राउट ठरवताना पाठवणारा २०३.०.११३.५ च असतो, नियम लागतो. डीव्हीआरच्या उत्तराचा राउट ठरतो तेव्हा पाठवणारा अजून १०.५० आहे, पत्ता नंतर बदलतो. म्हणून तो नियम त्याला लागत नाही.

उपाय म्हणजे जोडणीवरच खूण करायची. पॅकेटवर खुणा आणि फेरफार करणाऱ्या मँगल टेबलच्या प्रीराउटिंगमध्ये ‘जुनी’ कार्डातून येणाऱ्या नव्या जोडणीला कॉनमार्क १ लावा. त्याच चेनमध्ये, लॅन कार्डातून आत येणाऱ्या पॅकेटला जोडणीवरची खूण परत द्या, त्याला रिस्टोअर-मार्क म्हणतात. मग ‘आयपी रूल ॲड एफडब्ल्यूमार्क १ टेबल १००’, आणि टेबल १०० मध्ये जुन्या लाईनच्या गेटवेचा डिफॉल्ट राउट. मँगलचं प्रीराउटिंग राउटिंगच्या निर्णयाआधी येतं, म्हणून ही खूण वेळेत पोचते. खूण परत देताना ‘फक्त लॅनमधून आलेलं’ ही अट विसरू नका. ती नसेल तर मोबाइलकडून आलेल्या पुढच्या पॅकेटलाही खूण लागेल, ते टेबल १०० मध्ये जाईल, तिथे डिफॉल्टशिवाय काही नाही, आणि डीव्हीआरकडे निघालेलं पॅकेट आल्या वाटेने परत बाहेर जाईल. मी खबरदारी म्हणून आतल्या नेटवर्कचा राउटही टेबल १०० मध्ये टाकून ठेवतो.

ही टेबलं कुठल्या क्रमाने वाचली जातात ते ‘आयपी रूल’ म्हटल्यावर दिसतं. शून्य क्रमांकावर लोकल टेबल, ३२७६६ वर मुख्य, ३२७६७ वर डिफॉल्ट. तुमचा नियम मधे बसतो. टेबलात जुळणाऱ्या राउटपैकी सगळ्यात नेमका, म्हणजे लांब प्रीफिक्सवाला, जिंकतो. टेबलात काहीच जुळलं नाही तर कर्नल चूक दाखवत नाही, गुपचूप पुढच्या नियमाकडे जातो. दिवे गेले, यूपीएसही दमला आणि मशीन परत चालू झालं की हाताने टाकलेलं टेबल १०० रिकामं असतं, पॅकेट मुख्य टेबलकडे जातं आणि डीव्हीआर पुन्हा गायब. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे वारंवार होईल. म्हणून हे राउट आणि रूल कार्डाच्या कॉन्फिगमध्ये, डेबियनच्या इंटरफेसेस फाइलमध्ये ‘पोस्ट-अप’ला लिहा. आयपीटेबल्सचे नियमही वेगळे जतन करावे लागतात, आयपीटेबल्स-पर्सिस्टंट पॅकेज त्यासाठीच आहे.

एवढं करूनही मोबाइलचं पहिलं पॅकेटच हरवत असेल तर आरपी-फिल्टर बघा. कर्नल आलेल्या पॅकेटच्या पाठवणाऱ्याकडे परत जायचा राउट तपासतो. किंमत १ असेल आणि तो राउट दुसऱ्याच कार्डाकडे जात असेल तर पॅकेट तिथेच संपतं. तुमचा डिफॉल्ट ‘नवी’वर आहे, पॅकेट आलं ‘जुनी’वर, म्हणजे नेमकं हेच. किंमत २ करा. ‘ऑल’ची आणि त्या कार्डाची अशा दोन किमतींपैकी मोठी लागू होते, दोन्ही बघा. याची ओळख अशी: प्रीराउटिंगमधला आकडा वाढतो, फॉरवर्डमधला वाढत नाही, आणि मधे कुठलाही ड्रॉपचा नियम नाही. लॉग-मार्शियन्स चालू केलंत तर कर्नल लॉगमध्ये तसं लिहूनही देतो.

शोधायच्या साधनांबद्दल दोन गोष्टी. ‘आयपी राउट गेट’ला पाठवणाऱ्याचा पत्ता, आत आलेलं कार्ड आणि मार्क दिलंत तर कर्नल त्या पॅकेटचं काय करेल ते सांगतो. नुसतं ‘आयपी राउट गेट ८.८.८.८’ विचारलंत तर ते मशीनच्या स्वतःच्या पॅकेटचं उत्तर असतं, डीव्हीआरच्या नाही. आणि टीसीपीडंप या पॅकेट दाखवणाऱ्या कमांडला आत येणारं पॅकेट नेटफिल्टरच्या आधी दिसतं, बाहेर जाणारं नेटफिल्टर झाल्यावर. म्हणून आत येताना दिसलं म्हणजे फायरवॉलने सोडलं असं समजू नका. बाहेरच्या कार्डावर दिसलं तरच ते पार झालं. तुमच्या बाबतीत ‘नवी’ कार्डावर टीसीपीडंप लावा, २०३.०.११३.५ या पत्त्याची पॅकेट बाहेर पडताना दिसतील. ती दिसली की वरचं सगळं निदान पक्कं.

बँकेच्या साइटचं कारण बहुधा एमटीयू, म्हणजे लाईनवरून एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती बाइट जातात तो आकडा, आहे. नवी लाईन पीपीपीओई या जोडणीच्या पद्धतीवर आहे, त्यात ८ बाइट जातात, म्हणून १५०० चं १४९२ होतं. आतले पीसी १५०० धरून चालतात. मोठं पॅकेट आलं की वाटेतला राउटर ‘तुकडे करावे लागतील’ असं आयसीएमपीने कळवतो, पण तिकडच्या बाजूला कुणीतरी आयसीएमपी सरसकट बंद केलेलं असतं. पिंग चालतं, पान सुरू होतं आणि मधेच अडकतं. मँगलच्या फॉरवर्डमध्ये टीसीपीएमएसएसचा क्लँप-एमएसएस-टू-पीएमटीयू नियम टाका, जोडणी सुरू करणाऱ्या सिन पॅकेटमधला आकडा १४५२ वर येईल. तुमच्या इनपुटमध्येही ‘सगळं आयसीएमपी ड्रॉप’ अशी ओळ दिसली, ती काढा. पिंगला उत्तर द्यायचं नसेल तर फक्त एको-रिक्वेस्ट अडवा.

आयपीव्ही६ विसरू नका. आयपीटेबल्सचे नियम त्याला लागत नाहीत, त्याचं आयपी६टेबल्स वेगळं आहे. नवी लाईन आयपीव्ही६ देत असेल आणि मशीन ते पुढे सोडत असेल, तर एका बाजूला कुलूप आणि दुसऱ्या बाजूला सताड उघडं दार. नव्याने लिहिणार असाल तर आयपीटेबल्सच्या जागी आलेल्या एनएफटेबल्समध्ये ‘आयनेट’ फॅमिली वापरा, दोन्हींना एकच नियम. ते २०१४ च्या सुरुवातीला लिनक्स ३.१३ मध्ये आलं, आणि डेबियन १० पासून आयपीटेबल्स ही कमांडसुद्धा आतून एनएफटेबल्सच्याच यंत्रणेवर चालते. म्हणून ‘एनएफटी लिस्ट रूलसेट’ बघितल्याशिवाय पूर्ण चित्र कळत नाही. त्यात एक मेख आहे: एकाच थांब्यावर दोन चेन असतील तर एकीतला ‘ॲक्सेप्ट’ शेवटचा नसतो, पुढची चेन अजून ड्रॉप करू शकते. ड्रॉप मात्र तिथल्या तिथे शेवटचा. फायरवॉलडीसारख्या प्रोग्रामचे आणि हाताने लिहिलेले नियम एकत्र असले की हे भोवतं.

याच मशीनवर डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) टाकायचा विचार आहे म्हणालात. त्याने उघडलेलं पोर्ट डीएनएटी होऊन फॉरवर्डमधून कंटेनरकडे जातं, म्हणून यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या सोप्या साधनाने इनपुटमध्ये बंद केलेलं पोर्ट बाहेरून बिनधास्त उघडं राहतं. नियम डॉकर-यूजर चेनमध्ये टाकावा लागतो. दुखणं तुमच्या पहिल्या तक्रारीचंच. माझं ऐकाल तर गेटवेवर डॉकर टाकूच नका.

इनपुटची पॉलिसी, म्हणजे कुठलाच नियम लागला नाही तर होणारा निकाल, ड्रॉप करणार असाल तर तिथे एसएसएचची परवानगी आधी टाका. घरी बसून करणार असाल तर आयपीटेबल्स-अप्लाय वापरा. नवे नियम लावून ते विचारतं, उत्तर आलं नाही तर जुने परत आणतं. कारखान्याची चावी शिफ्टच्या मुकादमाकडे आणि तुम्ही बाहेर अडकलेले, असं रात्री अकराला नको.

आणि जुनी लाईन बंद करून डीव्हीआर नव्या लाईनवर न्यायचा बेत असेल, तर आधी पीपीपी कार्डावर कुठला पत्ता आलाय ते बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर तुम्ही सेवादात्याच्या नॅटमागे आहात. ही पत्त्यांची रांग २०१२ मध्ये त्यासाठीच राखून ठेवली गेली. तिथे तुमच्या मशीनवरचं डीएनएटी कितीही बरोबर असलं तरी बाहेरून पॅकेट तुमच्यापर्यंत येणारच नाही. मग एक तर स्टॅटिक आयपी विकत घ्या, नाहीतर बाहेर एक छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन त्याच्याशी वायरगार्ड या व्हीपीएनने जोडा. ते लिनक्स ५.६ पासून कर्नलमध्येच आहे. जोडणी आतून बाहेर सुरू होत असल्याने सेवादात्याचं नॅट आड येत नाही, फक्त पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह २५ सेकंदांवर ठेवा, नाहीतर शांत पडलेली यूडीपी नोंद त्यांच्याकडून पुसली जाईल. मला विचाराल तर स्टॅटिक आयपी मिळाला तरी वायरगार्डच करा. डीव्हीआरचं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं अपडेट होत नाही, त्याचं पोर्ट उघड्यावर ठेवायच्या लायकीचं नसतं.